खिशातली पाखरं

"अख्खं गोदाम सांभाळतो मी! आणि माझ्याच घरात कीड? संध्याकाळपर्यंत एक पाखरू उरलं तर बोल!" धान्य-गोदामाचा सुपरवायझर बायकोवर गरजला.

गरजायला काय जातं? गोदामात हाताखाली माणसं होती. घरात बायको होती, आणि ती कुणाच्या हाताखालची नव्हती.

त्याने एकूण एक डबा उपडा केला. इकडे गहू, तिकडे डाळी, मध्ये चाळणी घेऊन हा, पिठाने माखून सर्कशीतला विदूषक! किडा सापडेल तर शपथ. आणि ती करडी बारीक पाखरं याच्याच टकलावर उतरतायत!

"अहो, ती बाबांच्या कपाटातून येतायत," बायको म्हणाली.

"मग लोकरच खाणारी! तो स्वेटर!"

स्वेटर आईने विणलेला. ती गेल्यापासून बाबा त्याला कुणाला हात लावू देत नसत. आत्ता ते दाढीला गेले होते.

"येऊ द्या त्यांना, विचारा तरी!"

"विचारून कीड मरते होय?"

शहाण्याने पातेलंभर पाणी उकळलं, स्वेटर त्यात कोंबला, काठीने घुसळला. वर काय तरंगावं? शेंगदाणे! जाळी धरलेले, अळ्यांसकट! लोकरीला कशानेच तोंड लावलं नव्हतं. पण आता स्वेटर आटून तान्ह्या पोराच्या मापाचा झाला होता.

मागे बाबा उभे.

"बाबा, खिशात दाणे कशाला? तुम्ही खात तर नाही!" चोर तो चोर, वर शिरजोर!

"दात कुठायत खायला?" बाबांचा आवाज चढला नाही. "कामावर निघालो की तुझी आई मूठभर टाकायची. जन्मभर टाकले. आता रिकाम्या खिशात हात घालवत नाही रे. म्हणून मीच टाकतो."

त्यांनी स्वेटर पिळला, झटकला, खिसा चाचपला. दोन बोटं गेली.

"मावतील चार. पण भाजून दे. ती भाजून द्यायची, कधी पाखरू झालं नाही. तुमच्या राज्यात आपले कच्चेच."

"बाबा, मागायचं तरी..." सून पुटपुटली.

"मागून घ्यायची वस्तू आहे होय ती?"

सुपरवायझरने गॅसवर तवा ठेवला. पोत्यांनी धान्य मोजणारा हा गडी! मूठभर दाण्यांना आच किती ठेवायची, हे त्याला बापालाच विचारावं लागलं.