वांगेराव छाप

सासरे ओट्यावर बसून दात घासताहेत, हे पाहून जावयानं धास्तावायचं काही कारण नाही. पंजाबराव मात्र धास्तावले. सासरे किसनरावांच्या मांडीजवळच्या पुडीवरून वांगेराव हसत होता, आणि वांगेराव हल्ली एकाच पुडीवरून हसत नव्हता.

वांगेराव म्हणजे पगडी घातलेलं, मिशीवालं वांगं. चिखलीत पाट्या रंगवणाऱ्या पंजाबरावांनी ते रंगराव वाण्याच्या दंतमंजनासाठी काढलं होतं. बाजारकरी मंडळी अक्षरांच्या वाटेला जात नसत. चित्र पाहून माल घेत. "वांग्याची पुडी दे" म्हणत मंजन धडाक्यात खपलं, आणि पंजाबरावांना हुशारी सुचली. नवा महाराष्ट्र झालेला, जो तो काहीतरी नवं काढत होता. मग आपण एकाच मंजनावर का विसंबायचं? चेहरा आपला, माल ज्याचा त्याचा. दरसाल भाडं द्या आणि छापा. वांगेराव सत्यभामाबाईंच्या पापडांवर चढला, काजळाच्या डबीवर चढला, आणि शेवटी पुंजाजीच्या उंदीरमार औषधावरही चढला.

"एक पीक बुडालं तर दुसरं तारते," पंजाबराव बायकोला सांगत.

"हाव, पन सगळ्या वावरात बुजगावनं एकच उभं केलं तुमी," वच्छलाबाई म्हणत.

उंदरांसाठी वांगेरावाचे डोळे वटारायचं ठरलं होतं. पण नवा ठसा कोरायला वेळ नव्हता, म्हणून जुन्या हसऱ्या ठशावरच भागवलं. दोन्ही पुड्या गुलाबी, वर नुसतं चित्र, आत दोन्हींत तांबूस भुकटी.

"मामाजी, पुडी कुठून आनली?" पंजाबरावांनी घाईघाईनं विचारलं.

"उंद्रीच्या बाजारातून. तुमचं वांगं दिसलं, घेतली. काऊन?"

"मंजनवाल्याकडून का उंदीरवाल्याकडून?"

"उंदीरवाला?" किसनराव दचकले आणि तोंडात होतं तेवढं गिळून बसले.

पंजाबरावांनी झडप घालून त्यांचा जबडा धरला आणि बोटानं खरवडायला सुरुवात केली. वच्छलाबाई धावत आल्या. "आवं, माह्या बाबाचा गळा काऊन धरून राह्यले?"

"उंदराचं औषध खाल्लं त्यायनं!"

वच्छलाबाईंनी असा हंबरडा फोडला की गल्ली गोळा झाली. मिठाचं पाणी आलं, ते तांब्यांनी पाजलं गेलं. म्हातारा ओकून ओकून पांढरा पडला. कुणी बैलगाडी जुंपायला धावलं, कुणी पुंजाजीला आणायला. सासऱ्यांना मारणारा जावई म्हणून आता जिल्ह्यात आपलंच तोंड छापलं जाणार, असं पंजाबरावांना वाटून गेलं.

पुंजाजी आला तो धापा टाकतच.

"लवकर सांगा, कोनतं जहर घालता? डॉक्टरले सांगा लागते!" पंजाबरावांनी त्याला दारातच गाठलं.

पुंजाजीनं गर्दीकडे पाहिलं आणि पंजाबरावांना दाराआड ओढलं. "काहीच नाही."

"काहीच नाही म्हंजे?"

"विटेची भुकटी हाय. अन् जरासा हिंग."

"मंग उंदीर?"

"वासानं शेजाऱ्याकडे जातात. मंग शेजारी येऊन पुडी नेते."

पंजाबरावांच्या जिवात जीव आला. या भामट्याला कडकडून मिठी मारावी असं त्यांना मनापासून वाटलं. पण दार फळकुटाचं होतं आणि किसनरावांचे कान शाबूत होते.

"खोटं औषध?" म्हातारा उठून उभाच राहिला. "अन् त्याच्यापायी माहं आतडं बाहेर काढलं? वांगेरावाच्या भरवशावर घेतली म्या पुडी! त्या चेहऱ्याले काही इज्जत हाय का नाही?"

पुंजाजीचा चेहरा उतरला. त्याला खरोखरच लाज वाटली. डोळे पुसत तो पुढे आला.

"चुकलं, बाप्पा. या चेहऱ्यावर लोक एवढा इस्वास ठेवतात, मले मालूम नव्हतं. आता नाही फसवनार. पुढच्या बाजारापासून अस्सल जहर घालतो. चिमूटभर खाल्लं तर बैल आडवा झाला पाह्यजे!"

"शाब्बास!" लोक म्हणाले. किसनरावांनीही समाधानानं मान डोलावली.

पंजाबरावांनी मात्र चार माणसांदेखत पुंजाजीचे पाय धरले.

"पुंजाजी, तुमच्या पाया पडतो. वीटच राहू द्या!"