गोगटे जोड्या जुळवतात

आमचे शेजारी गोगटे गिटारींच्या पत्रिका पाहायचे.

म्हणजे असं, की तारा जिच्यावर टेकतात त्या गिटारच्या घोडीखाली पितळेची एक चकती चिकटवतात. तिला पिकअप म्हणतात. ती तारांची थरथर पकडते, पण तिचा आवाज इतका नाजूक की तो उचलून पुढे पाठवायला गिटारच्या पोटातच प्रीअ‍ॅम्प बसवावा लागतो. तो चालतो छोट्या बॅटरीवर. चंदीगडात बाकीचे लोक सेक्टर अठराच्या बाजारातून या दोन वस्तू आणत आणि वायरींना डाख लावून मोकळे होत. गोगटे मात्र वहीच्या एका पानावर चकत्या, समोरच्या पानावर प्रीअ‍ॅम्प लिहून गुण जुळवत बसत.

“मुलगी हळू बोलणारी आहे, मास्तर,” चकती माझ्या नाकासमोर धरून ते म्हणत. “तिला कान देणारा नवरा हवा. हा बघा, तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत तिला दाबतो. मग आधी काय जातं?”

“काय?”

“खर्ज! जाड तारांचा आवाज. आणि खर्ज गेला की गेलं सगळं.”

मी युनिव्हर्सिटीत इतिहास शिकवतो. आमच्या घरचा फ्यूजसुद्धा बायको बदलते. तरी मी मान डोलवायचो. कॉलेजची पोरं गिटार वाजवून “अंकल, ट्रेबल तो वधिया है!” म्हणायची, म्हणजे बारीक आवाज झकास. गोगटे उत्तर द्यायचे, “ट्रेबल पत्र्याच्या डब्याला पण असतो,” आणि जुळलेली सोयरीक तिथल्या तिथे मोडायचे.

गोगटेवहिनी एके काळी गाणं शिकवत. आता मात्र फारशा बोलत नसत, नुसत्या हसत. मी “निघतो” म्हटलं की चहा टाकत. मला वाटे, काय अगत्य आहे!

एकदा पंचकुल्याच्या कुणा निवृत्त साहेबांकडे चांगला प्रीअ‍ॅम्प असल्याचं कळलं. गोगटे माझ्या स्कूटरवर मागे बसले, मांडीवर गिटार.

“ही कशाला?”

“स्थळ बघायला जाताना मुलीला घरी ठेवतात का?”

जोडी जुळली. तिथेच डाख लागला. परतताना संध्याकाळी तपासणी नाका लागला. पंजाबातल्या दहशतीचे ते दिवस असे, की रेडिओ रोज बजावायचा : अनोळखी वस्तूला हात लावू नका. जवानाने टॉर्च गिटारच्या पोटात मारला. आत तारा, बॅटरी. त्याने हात घातला मात्र, गोगटे किंचाळले, “हाथ मत लगाना! बड़ी मुश्किल से जुड़ी है!”

बंदूक वर आली. कुणी सांगायच्या आत मी दोन्ही हात वर केले. त्यामुळे स्कूटर रस्त्यावर आडवी झाली.

“बजाके दिखाओ,” जवान म्हणाला. गोगट्यांनी वाजवली. त्याने ऐकली. “बजती तो ऐसे भी है, बाऊजी. फिर तार किसलिए?”

हाच प्रश्न मला दोन वर्षं विचारायचा होता. शेजारधर्म आड यायचा.

गोगट्यांचा आवाज एकदम खाली आला. “घरवाली को बारीक आवाज़ अब सुनाई नहीं देता. मोटावाला थोड़ा बचा है. वो भी कितने दिन, मालूम नहीं. और ये मशीनें वही पहले खा जाती हैं.”

जवानाने माझी स्कूटर एका हाताने उभी केली. “माताजी नूं साड्डी सत श्री अकाल कहना.”

उरलेल्या रस्त्यात मला ‘निघतो’ म्हटल्यावर मिळालेले सगळे चहा एकेक करून आठवले.

घरी वहिनी पाठमोऱ्या बसून मेथी निवडत होत्या. गोगट्यांनी जुन्या रेडिओच्या मागे गिटारची वायर खोचली आणि सगळ्यांत जाड तार छेडली. वहिनी निवडतच राहिल्या. पुन्हा छेडली. मेथीवरचा हात थांबला.

“अहो,” वहिनी न वळताच म्हणाल्या, “तार सुरातून उतरलीय.”

कामात कुणी खोट काढली की गोगटे चार दिवस बोलत नसत. आज ते माझ्याकडे बघून लहान मुलासारखे हसले. तार चढवली नाही. तशीच उतरलेली पुन्हा छेडली.

“उतरलीय म्हटलं ना!” वहिनी वळल्या. “ऐकू येत नाही का तुम्हाला?”

“नाही,” गोगटे म्हणाले आणि परत छेडली.

आता तिथे माझं काही काम नव्हतं. “निघतो,” मी म्हणालो.

वहिनी हसल्या आणि चहाचं आधण ठेवायला उठल्या. मी बसलो.