चार नंबरच्या डब्यातलं पळपुटं वायफाय

स्फिंक्सचं नाक कुणी तोडलं ते मला ठाऊक आहे. सांगत नाही, कारण त्या घराशी आमची सोयरीक आहे. एवढ्यावरून मी कोण ते तुमच्या लक्षात आलंच असेल. मी तहिया. नाईलच्या दोन्ही काठांवर माझ्या तोडीची डिटेक्टिव्ह नाही. पलीकडच्या काठावर एक होती म्हणतात, पण तिला ऐकू कमी यायचं. माणूस दारात चपला कशा काढतो एवढं बघून मी त्याच्या बायकोचं माहेर सांगते. कधी चुकलंच, तर चूक त्या माहेरची असते. शेजारणीची हरवलेली कोंबडी मी नुसत्या वासावरून शोधून काढली होती. ती आमच्याच पातेल्यात निघाली हे खरं, पण शोधली की नाही?

मोठ्या डिटेक्टिव्हला एक मदतनीस लागतो. मला सून मिळाली. सौसन बोलते कमी आणि उसासे जास्त टाकते. तिच्या उसाशांवर एखादी होडी अस्वानपर्यंत जाईल.

तर त्या दिवशी मी, सौसन आणि सौसनची लेक नस्मा अशा आम्ही तिघी कैरोहून केनाला निघालो होतो. नस्माचं गाबिर नावाच्या मुलाशी जमलं होतं. मुलगा मालवाहू जहाजावर स्वयंपाकी. आमच्यात दोन्हीकडच्यांनी हात पसरून फातिहा, म्हणजे कुराणातली पहिली प्रार्थना, वाचली आणि मुलानं शेवटी आमीन म्हटलं की लग्न पक्कं, मग माघार नाही. पण गाबिरचं जहाज त्याच दिवशी ऊन उतरायच्या आत सुटणार होतं, आणि एकदा सुटलं की कित्येक महिने फोन नाही. त्याची आई तर भावाची मुलगी तयारच ठेवून बसली होती. तिनं निरोप पाठवला होता की आज फातिहा झाली तर तुमची नस्मा, नाही झाली तर माझी भाची. दुपारच्या आत केनात तिच्या घरी पोचायचं, मोठ्या टीव्हीवर गाबिरला बघायचं आणि फातिहा उरकायची, असं ठरलं होतं.

सोहाग स्टेशनच्या पुढे गाडी उसात थांबली ती अशी, की जणू ऊस खायलाच आली होती.

आता फोनवरूनच काय ते करायचं. आमच्या तिघींचे फोन एकाच कंपनीचे, आणि तिचं नेटवर्क मिन्या स्टेशन सुटलं की आम्हाला सोडून माहेरी जातं. पण डब्याच्या दारावर वायफायचं भलंमोठं चित्र चिकटवलेलं होतं. नस्मानं फोनमध्ये बघितलं तर ‘डबा नंबर चार’ असं नावही आलं. पासवर्ड नाही, काही नाही. पोरगी खूश. गाबिरला फोन लावला, पडद्यावर त्याचं अर्धं नाक आलं आणि वायफाय गेलं. थोड्या वेळानं परत आलं. पुन्हा अर्धं नाक. पुन्हा गेलं. त्या दिवशी मी नातजावयाची डावी नाकपुडी इतक्यांदा बघितली की आजही गर्दीत ओळखेन.

नस्मा रडकुंडीला आली. मी चष्मा पुसला आणि सौसनला म्हटलं, वायफाय असं आपोआप जात नाही, कुणीतरी नेतं. सौसननं उसासा टाकला. म्हणजे तिला पटलं.

पहिला संशय समोरच्या सीटवरच्या उम्म झिनहुम नावाच्या बाईवर गेला. तिच्या मांडीवर वेताची टोपली, टोपलीत सहा कबुतरं. मला काय ते लगेच कळलं. जुन्या काळी निरोप कोण न्यायचं? कबुतरं. वायफाय आलं आणि त्यांचा पिढीजात धंदा बसला. मग सूड नको घ्यायला? मी तिला स्पष्ट सांगितलं की तुझी कबुतरं हवेतल्या हवेत आमचे निरोप गिळतायत.

ती म्हणाली, “आजी, रात्री यांच्या पोटात भरड गहू भरून मी यांना भाजणार आहे. यांचं यांना पुरे झालंय.”

आरोपींना फाशीची शिक्षा आधीच झालेली बघून मी तो तपास बंद केला.

दुसरा संशय खिडकीपाशी बसलेल्या कॉलेजकुमारावर. त्याच्या दातांना तारा लावलेल्या होत्या. फोनवर फुटबॉलची मॅच बघत तो भोपळ्याच्या बिया फोडत होता. वायफाय म्हणजे बिनतारी काम, आणि याच्या तोंडात एवढ्या तारा, कसं जमणार? मी त्याला तोंड मिटून बसायला लावलं. बिचारा बसला. मध्ये त्याच्या संघानं गोल केला तेव्हासुद्धा नुसता नाकातून ओरडला. तरी वायफाय गेलंच.

मग मात्र माझ्यातली खरी डिटेक्टिव्ह जागी झाली. वायफाय कधी जातं ते मी बघत बसले. आणि सापडलं. कोपऱ्यातल्या सीटवर रदवान नावाचे एक गृहस्थ होते, करडा गलाबिया घातलेले. गलाबिया म्हणजे आपला पायघोळ झगा, त्याचा खिसा गाढवाच्या थैलीएवढा. हे रदवानकाका सिगारेट ओढायला उठून दोन डबे पलीकडे जायचे. ते गेले की वायफाय जायचं. परत येऊन बसले की यायचं. एकदा नाही, दर वेळी. आणि त्यांचा एक खिसा फुगलेला होता.

सौसननं हळूच म्हटलं, “सासूबाई, ते असले की असतं, म्हणजे...”

“म्हणजे ते जाताना खिशात घालून नेतात,” मी म्हटलं. “तू उसासा टाक, विचार मी करते.”

मी उठले आणि अख्ख्या डब्यादेखत रदवानकाकांना विचारलं की खिशात काय आहे. त्यांनी निमूटपणे फोन आणि फोन चार्ज करायची वीट बाहेर काढली. मी विचारलं, तुम्ही उठलात की वायफाय का जातं? ते कानापर्यंत लाल झाले. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, परत मिटलं, आणि खाली बघायला लागले. चोराचा चेहरा मी ओळखते, आरशात नाही, बाहेर. मी टीसीला बोलावलं आणि सांगितलं की या माणसाला सात नंबरच्या डब्यात बसवा, आमच्या पोरीच्या लग्नाचा प्रश्न आहे. टीसीला माझ्याशी वाद घालण्यापेक्षा रदवानकाकांना हलवणं सोपं वाटलं. काका निघाले. जाताना नस्माच्या हातात एक संत्रं ठेवून गेले. लाच, मी मनात म्हटलं.

ते गेले आणि वायफाय जे गेलं ते गेलंच. ‘डबा नंबर चार’ हे नावसुद्धा गेलं.

मी डब्याला समजावून सांगितलं की पळताना चोरानं सगळाच माल नेला. पण आता डबा माझ्याकडे निराळ्या नजरेनं बघत होता, कारण मॅचही गेली होती. नस्मा संत्रं हातात धरून बसली होती. पोरगी रडत नव्हती, ते जास्त वाईट. बाहेर उसाच्या सावल्या लांब व्हायला लागल्या होत्या.

मी टीसीला म्हटलं, तुमचं यंत्र तरी दाखवा. तो म्हणाला, कसलं यंत्र? वायफायचं. तर म्हणाला, ते कधीच काढून नेलं, चित्र निघेना म्हणून राहिलंय.

तेवढ्यात रदवानकाका परत आले. सीटखाली राहिलेल्या चपला न्यायला. दारातून त्यांनी एक पाऊल आत टाकलं आणि अख्ख्या डब्यातले फोन एकदम टिणटिणले. कॉलेजकुमाराच्या संघानं मधल्या वेळात दोन गोल खाल्ले होते, ते कळून तो विव्हळला.

“धरा त्यांना,” मी म्हटलं.

“बसवा त्यांना,” सौसन म्हणाली. चोवीस वर्षांत पहिल्यांदा तिचा आवाज माझ्यावर चढला. “सासूबाई, यांनी वायफाय नेलं नाही. हेच वायफाय आहेत.”

रदवानकाकांचा फोन दुसऱ्या कंपनीचा होता, उसातही चालणारा. त्यावर ते गाडीत बसल्यापासून मॅच बघत होते. बाकीच्यांचे फोन मेलेले बघून त्यांच्या घशाखाली मॅच उतरेना. म्हणून त्यांनी आपलं इंटरनेट सगळ्यांना उघडं करून ठेवलं, आणि कुणाला उपकार वाटू नयेत म्हणून नाव दिलं, ‘डबा नंबर चार’.

“मग मी चोर ठरवलं तेव्हा का नाही बोललात?” मी विचारलं.

“काय बोलणार, आजी? माझंच खाताय, असं म्हणू?”

मी अनेक गुन्हेगारांना घाम फोडलाय. त्या दिवशी मला फुटला. मी त्यांच्या चपला सीटखालून काढल्या आणि स्वतःच्या हातानं त्यांच्या पायांपाशी ठेवल्या. तोंडानं काही म्हणाले नाही. माझी तशी रीत नाही.

पण काकांनी फोन बघितला आणि त्यांचा चेहरा पडला. एवढ्या लोकांनी खाल्ल्यावर इंटरनेट तळाला गेलं होतं. पडद्यावर एक बोलणं होईल न होईल एवढंच शिल्लक. तेव्हा सौसन उठली, सीटांमधल्या वाटेत उभी राहिली आणि सगळ्यांना म्हणाली की माझ्या लेकीची फातिहा आहे, फोन बंद करा. पहिला फोन तारांच्या दातवाल्यानं बंद केला, पेनल्टी लागलेली असताना. मुलगा पुढे मोठा माणूस होईल असं मी तेव्हाच ताडलं.

गाबिर पूर्ण दिसला. दोन्ही नाकपुड्यांसकट. मागे दोर सोडायची धावपळ चाललेली. पडद्याच्या दुसऱ्या अर्ध्यात त्याची आई केनाच्या दिवाणखान्यात, शेजारी नटलेली भाची. आता अडचण अशी की फातिहाला दोन्ही हात पसरायचे, मग फोन कोण धरणार? उम्म झिनहुमनं टोपली पुढे केली. कबुतरांच्या डोक्यावर फोन उभा केला आणि अख्ख्या डब्यानं हात पसरले. आम्ही वाचायला लागलो. खालून कबुतरं घुमत होती, त्यांनीही सूर धरला असावा. शेवटचा शब्द झाला, आम्ही सगळे गाबिरकडे बघायला लागलो, त्यानं तोंड उघडलं, आणि इंटरनेट संपलं.

पडद्यावर गाबिर तसाच. तोंड आ, डोळे अर्धे मिटलेले, हात हनुवटीखाली.

“आमीन म्हणतोय,” मी म्हटलं.

“शिंकतोय,” उम्म झिनहुम म्हणाली.

डब्यात दोन तट पडले. टीसी जांभई म्हणाला. सौसननं उसासा टाकला. नस्मा पडद्याला नाक लावून बघत राहिली, आणि मग पडदाही काळा झाला.

गाडी हलली, केना आलं. फलाटावर गाबिरची आई कमरेवर हात ठेवून उभी. तिच्याकडेही चित्र तिथंच अडकलं होतं. तिनं सलाम नाही, पाणी नाही, थेट विचारलं, “माझ्या मुलानं आमीन म्हटलं का? कुणी ऐकलं?”

मी छाती पुढे काढली. म्हटलं, मी ऐकलं. ती म्हणाली, तुम्ही मुलीच्या आजी, तुम्ही ऐकणारच. तेव्हा माझ्या मागून रदवानकाकांचा आवाज आला, “ऐकलं.” ज्या माणसाला मी चोर म्हटलं होतं तो. मग कबुतरवाली, मग टीसी, मग डब्याच्या दोन्ही दारांत जेवढी डोकी मावत होती तेवढी सगळी म्हणाली, ऐकलं. बाई एकटी किती जणांशी भांडणार? तिनं नस्माच्या कपाळाचा मुका घेतला आणि भाचीला घरी पाठवलं.

गाबिर सात महिन्यांनी परत आला. लग्न झालं, आता त्यांची पोरं माझा चष्मा लपवतात. लग्नाच्या आठवड्यातच नस्मानं त्याला विचारून घेतलं की तेव्हा तोंड उघडून तू नक्की काय म्हणत होतास. त्यानं आठवून सांगितलं, “मी विचारत होतो, आवाज येतोय का?”

त्याच्या आईला आम्ही अजून सांगितलेलं नाही.