आडव्या मडक्याचं मतदान

एका जंगलात, निदान सरकारी कागदावर तरी त्याला जंगलच म्हणत, एक टिटवी राहत होती. मुलांनो, टिटवी घरटं बांधत नाही. उघड्या जमिनीवर चार खडे मांडते आणि त्यांत अंडी घालते. या टिटवीने चार अंडी घातली, ती नेमकी पाणवठ्याच्या पायवाटेच्या कडेला. तिथेच का, असं तुम्ही विचाराल. मीही पुष्कळ विचार केला. मला वाटतं, तेव्हा ती जागा शांत असावी.

त्याच पायवाटेच्या दुसऱ्या टोकाला, मोहाच्या झाडाखाली, अस्वलशेठचं मोहाच्या दारूचं दुकान होतं. दुकान सूर्य मावळला की बंद व्हायचं. एके दिवशी जंगल पंचायतीने ठराव केला, की जंगलाच्या विकासासाठी दुकान रात्री बारापर्यंत उघडं राहील. विकास कसा होणार, ते ठरावात होतं का, हे मला नक्की सांगता येत नाही. बहुधा नव्हतं.

पहिल्याच रात्री बारा वाजता दुकान बंद झालं आणि शेवटचं गिऱ्हाईक बाहेर पडलं. ते गिऱ्हाईक म्हणजे गवा. वजन पंचवीस मण. शुद्धीत असला की गवा पायवाटेच्या मधून चालायचा. प्यायला की दोन्ही कडांनी चालायचा. त्याचा खूर अंड्यांपासून चार बोटांवर पडला.

सकाळी टिटवी पंचायतीत गेली. सरपंच कासव होता.

"सरपंच, दुकान पूर्वीसारखं संध्याकाळी बंद करा. माझी अंडी फुटतील."

"फुटली का?"

"अजून नाही."

"मग तक्रार कशाची लिहू?" साळिंदराने विचारलं. तो ग्रामसेवक होता. अंगावरचाच काटा उपटून लिहायचा, त्यामुळे होईल तितकं कमी लिहायचा.

गवाही आला होता. त्याचं डोकं दुखत होतं. "चूक झाली, ताई," तो म्हणाला. "पण अंडी जरा उचलून बाजूला ठेवायचीत."

"कशाने उचलू? मला हात आहेत का?"

"मला तरी कुठे आहेत?" गवा म्हणाला.

सरपंचाने तोडगा काढला. पायवाटेवर पाटी लावली, 'पुढे अंडी आहेत, सावकाश जा'. त्या रात्री गवा सावकाश आला, पाटीला पाठ घासली आणि पाटी पाडून पुढे गेला. पाटी अंड्यांपासून दोन बोटांवर पडली.

टिटवी पुन्हा पंचायतीत. शेवटी साळिंदराने नाइलाजाने एक जुना नियम सांगितला. जंगलातल्या माद्यांनी मतदान मागावं. उभं मडकं म्हणजे दुकान राहील, आडवं मडकं म्हणजे दुकान कायमचं बंद. मात्र यादीतल्या निम्म्याहून जास्त माद्यांची मतं आडव्या मडक्यालाच पडायला हवीत. जी येणार नाही, तिचं मत आडव्याला नाही.

टिटवी दारोदार फिरली. हरिणी तयार झाल्या, माकडिणी तयार झाल्या. गव्याची बायको तर सगळ्यांच्या आधी तयार झाली. "आमचे हे पूर्वी जेवायला घरी असायचे," ती म्हणाली.

अस्वलशेठ घाबरला. त्याने वारुळात जाऊन चाळीस हजार वाळवींची नावं यादीत घालून आणली.

"यांतल्या माद्या किती, ते पाहिलंत का?" साळिंदराने विचारलं.

"तू बघ ना जाऊन."

साळिंदर गेला नाही. अस्वलशेठचा हिशेब असा, की वाळवी उन्हात बाहेर पडत नाही, म्हणजे आडवं मडकं निम्म्याच्या जवळपासही जात नाही.

टिटवी वारुळापाशी गेली आणि ओरडू लागली. तुम्ही टिटवीचं ओरडणं ऐकलं नसेल तर तुम्ही भाग्यवान आहात. दोन दिवस ती ओरडली. तिसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्या वाळवीने डोकं बाहेर काढलं.

"काय पाहिजे ग तुला?"

"मत."

"दिलं तर गप्प बसशील?"

"बसेन."

मतदानाच्या दिवशी आभाळ आलं होतं. चाळीस हजार वाळवी रांगेत आल्या. प्रत्येकीला पळसाचं पान मिळालं. प्रत्येकीने आडव्या मडक्यावर खूण केली. पण रांग लांब होती, आणि हातात पान धरून नुसतं उभं राहणं वाळवीला किती अवघड जातं, याची आपल्याला कल्पना नाही. त्यांनी पानं खाल्ली. मग मतपेटी खाल्ली. मग मतदारयादी, मग पंचायतीचं दप्तर आणि टेबलाचा एक पाय.

साळिंदराने निकाल वाचला. "मतदान भरघोस. मतं शून्य. पेटी नाही, यादी नाही. दप्तरात अस्वलशेठचा परवाना होता, तोही नाही."

"परवाना नाही, तर दुकान बंद करा," टिटवी म्हणाली.

"बाई, परवाना नाही म्हणजे दप्तरी दुकानच नाही. नसलेलं दुकान बंद कसं करणार?"

अस्वलशेठने हळूच विचारलं, "आणि बाराला बंद करायचं, हे कशावर लिहिलं होतं?"

"परवान्यावर."

सरपंचाने डोकं कवचात घेतलं.

त्या दिवसापासून दुकान रात्रंदिवस उघडं राहिलं. पहिल्या रात्री टिटवी अंड्यांवर बसून बाराची वाट पाहत होती. बारा वाजले. गवा आला नाही. उजाडलं, तरी आला नाही. तो मोहाखालीच बसला होता. आजवर दुकान बंद व्हायचं म्हणून तो निघायचा. आता ऊठ म्हणायला कोणी नव्हतं.

तीन आठवडे पायवाटेवर त्याचा खूर पडला नाही. चारही अंड्यांतून पिल्लं बाहेर आली. पायवाट सुरक्षित केल्याबद्दल पंचायतीने स्वतःच्या अभिनंदनाचा ठराव केला आणि अस्वलशेठला शाल दिली.

एका सकाळी गव्याची बायको अर्ज घेऊन टिटवीकडे आली.

"ताई, दुकानाला बंद व्हायची वेळ ठरवा, असा अर्ज केलाय. माझी सही झाली, आता तुझी कर. तीन आठवडे झाले, हे घरी नाहीत. वासरू विचारतं, झाडाखाली बसतात तेच का आपले बाबा?"

टिटवीने अर्ज वाचला. पुन्हा वाचला. तिची पिल्लं पायवाटेच्या मधोमध किडे टिपत होती.

"वहिनी," ती म्हणाली, "यांना जरा उडता येऊ दे. मग बघू."

तात्पर्य : दारूच्या दुकानाचा खरा धोका ते बंद होण्यात आहे, कारण बंद झालं की गिऱ्हाईक घरी निघतं. म्हणून रस्ता सुरक्षित ठेवायचा असेल, तर कोणाला घरी जाऊ देऊ नये. मुलांनो, हे तात्पर्य मी तीनदा खोडलं आणि तीनदा पुन्हा लिहिलं. तुमच्या गावच्या पंचायतीला ते कळवू नका. त्यांना ते आधीच सुचलं असावं, अशी मला भीती वाटते.