परभू बाजूले होतो

आमचा परभू वानखडे बोलता बोलता वाक्याच्या मधूनच उठून जातो. "अन् मंग त्या मास्तरनं काय केलं मालूम हाय काय, सरळ..." इथवर येतो, तेवढ्यात फोन वाजतो, "थांब, बाजूले होतो," म्हणतो आणि गायब. बरं, विसरला म्हणावं तर तेही नाही. दोन-तीन दिवसांनी पानटपरीवर मागून खांद्यावर थाप पडते आणि नमस्कार नाही, चमत्कार नाही, एकदम, "...सरळ बैलाचीच हजेरी घेतली ना बे!" आता कुठला मास्तर आणि कोणाचा बैल, हे आठवायचं काम आपलं. त्याच्या अर्ध्यामुर्ध्या गोष्टी सांभाळून सांभाळून मी तर थकलो बाप्पा.

हा रोग त्याला धंद्यातून जडला. अमरावतीच्या ज्या कोचिंग क्लासमध्ये मी गणित शिकवतो, तिथला सर्व्हर परभूच्या ताब्यात आहे. म्हणजे काळ्या पडद्यापुढे बसून तो दिवसभर पांढरी अक्षरं बडवतो. माऊसला शिवत नाही, माऊसपॅडवर त्याच्या चहाचा कप असतो. त्याच्या प्रत्येक कामाला सर्व्हरच्या पोटात एक वेगळी खोली आहे, तिला म्हणायचं सेशन. एका खोलीत निकाल तयार होतो, दुसरीत हजेरी चढते, तिसरीत बॅकअप. गंमत अशी की परभू खोलीतून बाहेर पडला, कॉम्प्युटर बंद करून घरी जाऊन घोरायला लागला, तरी आतलं काम चालूच. सकाळी येऊन एक ओळ टाइप केली की हा पुन्हा आत, जिथं सोडलं होतं तिथंच.

"दार लोटून बाहीर आलो म्हून घरातली चूल इझते काय बे?" असं तो ज्याला-त्याला विचारतो. रिक्षावाल्यालासुद्धा.

बार्शीटाकळीला त्याच्या घरची वांग्या-टमाट्याची वाडी, त्यामुळे सेशनची नावंही भाजीबाजारातली. निकालाचं नाव कारलं, कारण तो कोणालाच गोड लागत नाही. हजेरीची भेंडी, बॅकअपचं लोणचं. पुण्याहून नवे संचालक आले, त्यांनी पहिल्याच दिवशी करड्या आवाजात विचारलं, "वानखडे, सध्या काय चालू आहे?"

"सर, कारलं झालं, भेंडी चिकटली थोडीशी, अन् लोणचं मुरून राहिलं."

"मी डबा आणलाय," सर म्हणाले आणि घाईघाईनं केबिनमध्ये गेले.

लग्नाचंही त्यानं असंच केलं. अकोल्याला मुलगी पाहायला गेलो होतो, पोहे आले, मुलगी आली, परभूनं विचारलं, "तुमाले सैपाकात काय..." आणि क्लासचा फोन आला. "बाजूले होतो," म्हणून जो उठला तो थेट अमरावती! पुढच्या आठवड्यात एकटाच परत गेला, त्याच खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "...काय काय येते?" मुलीचं तोवर दुसरीकडे जमलं होतं. परत आला तो खरोखर हिरमुसला होता. "सेशन तं तसंच असाले पाह्यजे होतं ना बे," म्हणाला. मी हसलो, तो नाही हसला.

सगळ्या भाज्यांच्या खाली एक सेशन आहे, त्याचं नाव मात्र माय. बार्शीटाकळीच्या घरी म्हातारी एकटी असते. तिथं परभूनं वायफायचा डबा बसवलाय आणि इथून सर्व्हर त्या डब्याला सारखी हाक मारत असतो. डबा चालू असला की तिकडून ओ येते, पडद्यावर एक ओळ उमटते. म्हातारी रात्री झोपताना घरातली सगळी बटणं बंद करणारी, सकाळी उठली की चालू करणारी. पहिली ओळ दिसली की परभू म्हणतो, "माय उठली," आणि मगच चहाचा कप तोंडाला लावतो.

भरदिवसा ओळी थांबल्या की हा लगेच फोन करतो. "माय, लाईन गेली काय?"

"गेली ना बाप्पा. तू जेवला काय?"

मग वांगी, टमाटे, शेजारची सुमी, सगळं होतं. शेवटी "माय, थांब, बाजूले होतो," आणि मग आमच्यापुढे लाईटवाल्यांचा उद्धार. मलाही वाटायचं, काय गाव आहे, दर दोन दिवसांनी लाईन जाते!

"अबे, जाऊन ये ना घरी," मी म्हणायचो.

"सर्व्हर सोडून कसा जाऊ?"

"तूच तं म्हणतो, दार लोटलं तरी चूल इझत नाही?"

"ते येगळं," म्हणायचा आणि अक्षरं बडवायला लागायचा.

जूनमधला एक शनिवार, प्रवेशाची धामधूम. ओळी थांबल्या. परभूनं फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. चौथ्यांदाही तेच. मग तो उठला, बाजूले होतो असंही म्हणाला नाही आणि जिन्याकडे धावत सुटला. मी मागून पळत जाऊन त्याच्या गाडीवर कसाबसा बसलो. वाटेत मूर्तिजापूरला चहासुद्धा घेतला नाही. अकोल्याच्या सिग्नलला मान न वळवता त्यानं विचारलं, "माय पडली असन काय रे?"

घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत म्हातारी चुलीपुढे बसून रश्शात बेसनाच्या पातोड्या सोडत होती. चुलीवर अर्धी गल्ली जेवेल एवढं मोठं गंज.

"आला काय?" ती म्हणाली. "पाय ना, सकायपासून लाईन नाही."

परभूनं वर पाहिलं, मीही पाहिलं. डोक्यावर पंखा गरगर फिरत होता, वायफायच्या डब्याचं बटण तेवढं बंद होतं.

"फोन काहून उचलत नाही माय?"

"वाजलाच कुठी?"

परभूनं तिथंच नंबर लावला. ज्वारीच्या डब्यातून घंटी वाजायला लागली.

"अवो माय! तिथी कसा गेला?" म्हातारीला इतकं नवल वाटलं की कोणीही फसलं असतं.

परभू हातपाय धुऊन पाटावर बसला. म्हातारीनं वाढलं आणि समोर बसत म्हणाली, "तं सुमीची म्हैस तिकडून निंगाली..."

"कोनती निंगाली?"

"अरे, दिवाळीले आला तवा सांगत होती ना तुले. तू मंधातच बाजूले झाला."

परभूचा घास हातातच राहिला. मला भरून आलं, खोटं कशाला बोलू? दिवाळीपासून म्हातारीनं ती म्हैस तशीच रस्त्यात उभी ठेवली होती.

तेवढ्यात परभूचा फोन वाजला. क्लासचा होता. त्यानं पाहिलं, उठला, ज्वारीचा डबा उघडला, फोन आत टाकला आणि झाकण लावलं.

"मंग काय झालं म्हशीचं?" पाटावर बसत त्यानं विचारलं.

पुढच्या शनिवारी आम्ही क्लासात होतो. अकराच्या सुमाराला ओळी थांबल्या. परभूनं फोन केला नाही. हेल्मेट उचललं.

"लाईन गेली वाटते," मी म्हणालो.

"हो ना बाप्पा," परभू म्हणाला. "लय लाईन जाते आमच्या गावात."