दादांच्या रायफलीचा पट्टा

वस्तू निवडण्यात माझा हात धरणारा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात सापडणार नाही! हे मी नव्हे, माझी बायको सत्यशीला सांगते. सांगताना ती कपाळाला हात लावते, एवढंच. आमचा मिक्सर मी अकरा आठवडे तुलना करून घेतला. त्या अकरा आठवड्यांत ती पाट्यावर चटणी वाटत होती, हा तपशील गौण आहे.

म्हणून दादांच्या रायफलीला खांद्यात न रुतणारा पट्टा हवा, असं कळलं तेव्हा मी छाती पुढे काढून म्हणालो, “माझ्यावर सोडा!”

दादा म्हणजे माझे वडील, विठ्ठलराव. वय शहात्तर. गावाकडे आमचा पाच एकर भुईमूग आणि बांधाला लागून दुसऱ्याचा ऊस. रानडुकरं मुक्कामाला उसात, जेवायला आमच्याकडे! दादांकडे रायफलीचा परवाना आहे, डुकराच्या शिकारीचा वनखात्याचा कागदही आहे. रोज दिवस कलला की रायफल खांद्याला अडकवून ते रानात जातात. आठ वर्षांतली एकूण शिकार म्हणजे शेजारच्या परमेश्वरचा तुषार सिंचनाचा एक पाईप. पण बंदूकवाले विठ्ठलराव निघाले की पारावरची माणसं पाय आखडून वाट देतात, आणि दादांची पाठ कशी ताठ होते!

महिनाभरापासून मात्र त्यांचा उजवा खांदा धरला होता. आईनं निकाल देऊन टाकला.

“पुढल्या सोमवारी परवाना नवा करायचाय न्हवं? करूच नगा. बंदूक ठाण्यात जमा करा!”

“आन मी काय करू? दाराम्होरं बसून कोंबड्या राखू?”

“राखा की! कोंबड्यांला परवाना लागत न्हाई.”

दादा ताटात अर्धी भाकरी तशीच ठेवून उठले. दादांनी भाकरी ठेवलेली मी जन्मात पाहिली नव्हती. बंदूक गेली की दादा दारात बसणार, आणि एकदा बसले की उठणार नाहीत, हे मला त्या अर्ध्या भाकरीत लख्ख दिसलं. मी अंबाजोगाईला परतलो, कॉलेजात रजा टाकली आणि तीन पट्टे घेऊन पुन्हा गावी आलो. एक ऑनलाइन मागवलेला, फोमचा. एक नायलॉनचा. एक परळीहून शिवून आणलेला, चामड्याचा.

आता पट्टा पारखायचा तर खांद्याला वजन हवं. रायफल दादांच्या नावावर. ती मी लावून फिरलो तर गुन्हा. मी राज्यशास्त्र शिकवतो. मुलं ऐकत नाहीत, निदान मी तरी ऐकावं! तेवढ्याच लांबीची, तेवढ्याच वजनाची वस्तू कोणती? विचार करता करता मला मुसळ आठवलं. गावात आता मुसळ उरलंय ते चतुराकाकूंच्या घरी.

“काकू, चार दिवस मुसळ देता का?”

काकूंचा चेहरा फुलला. “अगं बया! द्यायाला काय झालं!” त्यांनी मुसळ पदरानं पुसलं, हळदीकुंकू लावलं, नमस्कार केला. खेड्यातली माणसं अवजाराचा किती मान राखतात, म्हणून मला भरून आलं.

“आन जोडी लागंल की. दुसरं बी न्या.”

“नको, एकच पुरे. एका वेळी एकाच खांद्यावर घेणार आहे.”

“आजकाल समदं थोडक्यातच उरकत्यात,” काकू म्हणाल्या. “सोन्यावानी होऊ द्या!”

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोग सुरू झाला. घर ते दूध डेअरी, डेअरी ते मारुती, मारुती ते घर. पाठीवर मुसळ, हातात वही, दर फेरीला दहापैकी गुण! फोमच्या पट्ट्यात मुसळ पाठीवर असं उड्या मारू लागलं, जसं बाजारात नेलेलं हट्टी पोर. नायलॉनचा पट्टा दर दहा पावलांना घसरून कोपराशी यायचा. चामड्याचा बरा होता, पण तो इतका करकरे, की गावातली कुत्री मला सोडायला घरापर्यंत आली. बायका दारात येऊन कौतुकानं बघत होत्या. चांगल्या कामाची कदर होतेच!

डेअरीपाशी मांडववाल्या राधाकिशननं गाठलं.

“सर, कवापत्तोर उरकायचंय?”

“सोमवारच्या आत!”

“बाबौ! येवढी घाई कावून?”

“काय सांगू राधाकिशन? खांद्याला ओझं पेलवेना झालंय. एकदाचं उतरलं म्हणजे सुटलो!”

राधाकिशनच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. त्यानं माझा हात दाबला. “लेकीच्या बापाला हेच आसतं सर. तुमी काळजी करू नका. मांडव आपला!”

मांडव कशाला, हे मी विचारणार, तोवर फोन वाजला. सत्यशीला होती.

“तुम्ही घाण्याचं मुसळ घेऊन गावभर फिरताय?”

आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडे लग्नाआधी घाणा भरतात. सवाष्णी मुसळाला आंब्याची पानं बांधून हळद कांडतात, ओव्या म्हणतात. घरोघरी मिक्सर आल्यापासून मुसळ घराबाहेर निघतं ते फक्त लग्नाला! आणि आमच्या घरात लग्नाजोगं माणूस एकच, आमची मुलगी स्वप्नाली.

“सकाळपासून अकरा फोन आले! पोरीचं लग्न ठरलं आणि तिच्या आईला पत्ता नाही?”

“अगं, तो रायफलीचा पट्टा…”

तेवढ्यात फोन स्वप्नालीनं घेतला. “पप्पा, मी लगेच नाही म्हणत नाहीये. पण मुलगा करतो काय?”

तिची समजूत घालेपर्यंत मी घरी पोचलो, तर ओट्यावर सुंदरबाई! दादांची थोरली बहीण, माझी मावळण. वय ऐंशी. दोन एसट्या बदलून तलवाड्याहून आलेली. आईनं पुढं केलेला पाण्याचा तांब्या तिनं हातानं मागं सारला.

“पानी बी घेनार न्हाई! नातीचं लगीन, मुसळाला पैला हात माजा, आन मला काल बस-स्टँडावर परक्याकडनं कळावं? इठ्ठल, मी काय मेले व्हते?”

“अक्का, लगीन न्हाई गं कुनाचं,” दादा म्हणाले.

“मग ह्यो मास्तर मुसळ घिऊन कावून नाचतोय?”

मी तिन्ही पट्टे, गुणांची वही आणि मुसळ तिच्यापुढे मांडलं. सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग उठली, दादांच्या मागं गेली आणि तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

“आय्य्य!” दादा ओरडले.

“येवढं दुखतंय आन मला सांगितलं न्हाई?” तिचा राग कुठल्या कुठं गेला. तांब्या उचलून ती घटाघटा पाणी प्याली. मग आईला म्हणाली, “केसर, जुनं लुगडं काढ. आन सुई.”

दुपारभर ती टाके घालत होती. लुगड्याच्या चार घड्या, गोधडीसारखा बारीक धावदोरा. मध्येच दादांच्या खांद्यावर वीत ठेवून माप घ्यायची. माझ्या चामड्याच्या पट्ट्याला मी साडेसात गुण दिले होते. तिनं त्याच्या दोन्ही कड्या कापून घेतल्या आणि बाकीचा म्हशीकडे टाकला.

उन्हं उतरली. दादांनी दुखरा उजवा खांदा सोडून रिकामी रायफल डाव्या खांद्याला अडकवली आणि अंगणात एक फेरी मारली.

“कसा हाय?” मावळणीनं विचारलं.

“लई ब्येस. लोन्यावानी.” दादा थांबले. रायफल काढून त्यांनी भिंतीला टेकवली. “पर जमा करा बंदूक.”

“आता काय झालं?” आई म्हणाली.

दादा जमिनीकडं बघत होते. “पट्ट्यानं न्हवतं दुखत. मागल्या म्हैन्यात बांधावरनं पडलतो. लई येळ उठताच येईना. हाक मारावी तर ऐकायाला कुनी न्हाई.” मग अगदी हळू, “एकल्यानं जायाला भ्या वाटतं आता.”

मावळणीनं सुई लुगड्यात खोचली. मी वही मिटली. त्यात या गोष्टीसाठी रकानाच नव्हता.

आईनं रायफल उचलून दादांच्या हातात दिली.

“सोमवारी परवाना नवा करा. भ्या वाटतं म्हनून घरात बसायचं आसतं व्हय? कुनाला तरी संगं न्यायचं आसतं!” आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “तुला काय येगळं सांगू?”

परवाना नवा झाला. डॉक्टर म्हणाले, हाड शाबूत आहे, शीर ताणलीय. आता सोमवार ते शुक्रवार परमेश्वर दादांच्या सोबत जातो, शनिवार-रविवार मी. पुढे दादा, लुगड्याच्या पट्ट्यात रायफल, पाठ ताठ. मागे मी. पाण्याचा कॅन, बॅटरी, काठी, घोंगडी, जेवणाचा डबा. हे वाहायला मला कायद्याची काही हरकत नाही. शिकार अजून शून्य. आम्ही दोघं बांधावर इतक्या गप्पा मारतो, की डुकरं पलीकडच्या शिवारात जेवायला जातात.

परवा चालता चालता दादा थांबले. “वझं जड झालं का रं?”

“छे, छे!” मी म्हणालो.

तेव्हापासून माझा डावा हात कानाच्या वर जात नाही. पण घरी कुणाला सांगितलेलं नाही. उगाच शनिवार चुकायचा!