डेविडरावांचा अबोला

आमचे शेजारी डेविडराव साळवी यांचा देवाशी अबोला होता. घर सोडायचं नाही, जेवण चुकवायचं नाही, फक्त बोलायचं नाही, असा घरोघरी चालतो तसला अबोला. दर रविवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून चर्चला जायचे, गाणं सुरू झालं की पुस्तकात बरोबर पान काढून उभे राहायचे आणि ओठ मिटून घ्यायचे.

पाळक एकदा म्हणाले, "डेविडराव, तोंड उघडा की एकदा."

"उघडतो. दाताच्या डॉक्टरकडे."

ते एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. चर्चचे पंखे तेच दुरुस्त करायचे. "पंख्याशी काय वाकडं आहे माझं?"

अबोला सुरू झाला तीन वर्षांपूर्वी. त्यांच्या पत्नीला, सुलोचनाबाईंना, अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही. चर्चमध्ये सगळ्यांत वर लागणारा आवाज त्यांचाच होता. तेव्हा डेविडराव देवावर का रुसले, हे कोणी कोणाला विचारलं नाही.

मी कॉलेजच्या ग्रंथालयात होतो. दोन वर्षांपूर्वी माझी पत्नी गेली. तेव्हापासून संध्याकाळी पुस्तक घेऊन पडवीत बसतो. वाचतोच असं नाही. एकदा डेविडराव दोन घरांमधल्या गडग्यावर हात टेकून म्हणाले, "सर, तुमचं त्याच्याशी भांडण नाही ना?"

"कोणाशी?"

त्यांनी हनुवटीने वर दाखवलं.

"फारशी ओळखच नाही," मी म्हटलं.

"मग बरं. तटस्थ माणूस हवा. त्याला सांगा, कपडे वाळत घातलेले बघून तरी पाऊस पाडत जा."

मग हे रोजचंच झालं. त्याला सांगा, विहिरीचा पंप पुन्हा बसला. त्याला सांगा, बांगडा ताजा म्हणून दिला आणि निघाला कालचा. दुसऱ्या दिवशी चौकशी. "सांगितलंत काय?"

"हो."

"काय म्हणाला?"

"काही नाही."

"वाटलंच मला."

मी खोटं बोलत होतो की काय, ते माझं मलाच कळत नसे. कारण एकटा असताना मी ते निरोप मनात एकदा घोळवत असे. ते नक्की कोणाला, हे ठाऊक नसताना.

गेल्या पावसाळ्यात सुलोचनाबाईंना न्यूमोनिया झाला. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस काही सांगता येणार नाही. आम्ही दवाखान्याच्या बाकावर बसलो होतो.

"त्याला सांगा," डेविडराव म्हणाले आणि थांबले.

"काय सांगू?"

"तेच कळत नाही ओ."

मी जरा चिडलो. "आता तरी सोडा तो राग. तुम्हीच बोला."

"राग?" ते माझ्याकडे बघतच राहिले. "रागावलो असतो तर रविवारी गेलो असतो काय?"

मग हळूहळू सांगू लागले. "आमची प्रार्थना दोघांची. मी नावं घ्यायचो, ती मागायची. मी म्हणायचो, मास्तर. ती म्हणायची, त्यांचा गुडघा बरा कर. कोणाचं काय दुखतं ते हिलाच ठाऊक. मला नुसती नावं. आता नाव घेऊन गप्प बसलो तर त्याला वाटायचं, हजेरी घेतोय."

"आणि ते निरोप?"

"तक्रार करता येते मला. मागता येत नाही."

मी का म्हटलं कोण जाणे, पण म्हटलं, "तुम्ही नाव घ्या."

ते उठून उभे राहिले. डोळे मिटले. "सुलोचना."

मी हात जोडले. दोन वर्षांपूर्वी याच दवाखान्यात मी हेच मागितलं होतं. "ताप उतरू दे," मी म्हटलं. "श्वास नीट चालू दे."

"आमेन," डेविडराव म्हणाले, तपासून झालेली गाडी सोडावी तसे.

ताप चौथ्या दिवशी उतरला. वाचा आली नाही. माझ्या मागण्याने उतरला असं मी म्हणत नाही. तसं म्हटलं तर दोन वर्षांपूर्वीचं काय, हा प्रश्न येतो, आणि त्याच्यापुढे मला जाता येत नाही.

आता रोज सहा वाजता मी त्यांच्याकडे जातो. सुलोचनाबाईंच्या खाटेशी आम्ही दोघे बसतो. ते नाव घेतात, मी मागतो. माझं पुष्कळदा चुकतं. पाळकांसाठी मी घसा मागितला, तर बाईंनी नाही म्हणून मान हलवली. झोप मागितली तेव्हा डावा हात चादरीवरून वर उचलला. म्हणजे बरोबर.

परवा डेविडराव म्हणाले, "वसंतराव."

आळीत या नावाचं कोण, ते मला क्षणभर आठवेना. मग आठवलं. मला सगळे सरच म्हणतात. नावाने हाक मारणारी एकच होती.

"तब्येत बरी राहू दे," मी म्हटलं.

बाईंनी मान हलवली.

"रक्तदाब," मी म्हटलं. पुन्हा मान हलली. त्या माझ्याकडेच बघत होत्या. मला पुढे काही सुचेना.

डेविडरावांचे डोळे मिटलेलेच होते. "सावकाश," ते म्हणाले. "आम्हाला कुठे जायचंय?"